घरगुती कार्बनचा हिशेब शहरवार हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरी कुटुंबांच्या उपभोगातून होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाची चर्चा बहुतेक वेळा राज्याच्या सरासरीपाशी थांबते, आणि कर्नाटकाच्या शहरी सरासरीवर बेंगळुरूचा इतका भार आहे की बेळगाव, निपाणी, खानापूर येथील घरे तीत शोधूनही सापडत नाहीत. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या राष्ट्रीय पाहणीत कर्नाटकातील शहरी माणसाचा सरासरी मासिक खर्च ७,६६६ रुपये होता, तर देशाचा ६,४५९ रुपये. खर्चाबरोबर उत्सर्जनही वाढते, हे ढोबळमानाने खरे. परंतु पैसा कशावर जातो, हे गावागणिक बदलते.

शहापुरातील आमच्या न्हाणीघरात वडिलांच्या काळी तांब्याचा बंब होता, त्यात करवंट्या आणि ढलप्या जळत. आज तेथे दोन किलोवॅटचा गीझर आहे. तो रोज अर्धा तास चालला, तर एक युनिट वीज लागते आणि देशाच्या सरासरीने त्यापोटी सुमारे ०.७ किलो, म्हणजे वर्षाला अडीचशे किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. १४.२ किलोचे जवळपास सहा गॅस सिलिंडर जाळल्यासारखेच हे झाले. बंबाचा धूर आमच्याच परसात निघे. गीझरचा धूर रायचूर-बळ्ळारीकडील औष्णिक केंद्रांतून निघतो, म्हणून तो आमच्या डोळ्यांना झोंबत नाही, एवढेच.

समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवरील बेळगावात पावसाळ्यात आणि थंडीत गरम पाण्याची गरज मोठी. कलबुर्गी, रायचूर येथे उन्हाळ्यातील कूलर आणि एसीची. तिकडे आधी छपरे थंड राखायला हवीत, इकडे सौर बंबांना साहाय्य मिळायला हवे. आणि पावसाळ्यात तेही पुरेसे चालत नाहीत, हे ध्यानात घेऊनच.

२०२३ पासून कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत घरांना दरमहा २०० युनिटांच्या मर्यादेत वीज मोफत मिळते. गरीब घरांना तिचा मोठा आधार आहे आणि ती चालू राहावी. मात्र बिल शून्य आले तरी उत्सर्जन शून्य होत नाही. म्हणून प्रत्येक बिलावर वापरलेल्या युनिटांसोबत त्यांचा कार्बनही छापावा. शिवाय महापालिकेने आणि सीमाभागातील नगरपालिकांनी इंधन, पाणी तापवण्याची साधने, वाहने आणि बांधकाम यांची प्रभागवार पाहणी करावी, आणि तिची प्रश्नावली कन्नडबरोबर मराठीतही द्यावी, म्हणजे आमच्या आया-बहिणींना स्वयंपाकघरातील हिशेब स्वतः सांगता येईल.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव