रेफरी साहेब, टॉर्च माझ्या हातात दिल्याबद्दल

रेफरी साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. नोकरीवरच्या माणसाचं नाव त्याला न विचारता चारचौघांत मांडणं बरं दिसत नाही. तुम्हाला मराठी येत नाही हेही मला ठाऊक आहे. तुमच्या ऑफिसला एक पानी इंग्रजी पत्र रीतसर गेलंय. त्यात जे मावलं नाही ते इथे लिहिते, कारण कॅलिफोर्नियात जुन्या गाड्यांच्या नादी लागलेले मराठी लोक मला वाटलं होतं त्यापेक्षा बरेच निघाले, आणि त्यांतल्या कित्येकांना स्मॉग चेकला, म्हणजे गाडीच्या धुराच्या सरकारी तपासणीला, नेहमीच्या दुकानात न सुटणाऱ्या गाड्या बघणारा रेफरी नावाचा माणूस असतो हेच माहीत नाही.

माझी गाडी तुम्हाला आठवत असेल. १९८७ची फोक्सवॅगन व्हॅनागन, मागे सुबारू लेगसीचं १९९३चं २.२ लिटरचं इंजिन. मूळचं २.१ लिटरचं इंजिन वयोमानाने थकलं होतं. दोन्ही इंजिनांचे सिलिंडर आडवे, एकमेकांकडे पाठ करून पडलेले, त्यामुळे मागच्या फळीखालच्या बुटक्या जागेत सुबारूचं इंजिन बसतं. व्हॅनागनवाल्यांमध्ये हा रुळलेला रस्ता आहे, मी काही अचाट केलं नाही. पण केलं मी. माझ्या नवऱ्याला पाना कुठला आणि पक्कड कुठली हे अजून सांगावं लागतं. तो प्रेमाने चहा आणून द्यायचा आणि लांब उभा राहायचा.

तरीही तुमच्याकडे पोचेपर्यंत ज्यांच्या-ज्यांच्या दारात गाडी उभी केली, त्यांनी बोलायला त्यालाच निवडलं. एका स्मॉगवाल्याने मागची फळी उचलली, 'हे इंजिन या गाडीचं नाहीये' असा शोध लावला आणि फळी परत खाली टाकली. ते मीच त्याला फोनवर सांगितलं होतं! दुसऱ्याने ठामपणे बजावलं की इंजिन बदलणं बेकायदा आहे, जुनं होतं तसलंच परत घाला. बदललेल्या इंजिनाची पहिली तपासणी रेफरीकडे होते, एवढं एक वाक्य सांगितलं असतं तरी पुरलं असतं. तिसरा सगळ्यांत मनमिळाऊ. त्याने नवऱ्याला बाजूला घेऊन, थोडे जास्त रोख दिलेत तर दुसऱ्याच एखाद्या गाडीचा धूर मशीनला हुंगवतो, असं सुचवलं. नवरा घाबरून गाडीत जाऊन बसला. इकडे डीएमव्हीचं, म्हणजे इथल्या आरटीओचं, रजिस्ट्रेशन स्मॉगच्या कागदावाचून अडलेलं, आणि माझी धडधाकट गाडी ड्राइव्हवेत धूळ खात उभी.

मला राग नियमाचा कधीच नव्हता, साहेब. नियम मी वाचला होता आणि मला तो पटलाही होता. गाडीच्या सालचं किंवा त्यानंतरचंच इंजिन घ्या. गाडी कॅलिफोर्नियासाठी प्रमाणित असेल तर इंजिनही तसंच हवं. जड ट्रकचं इंजिन, ज्याचे निकष सैल असतात, ते हलक्या गाडीत घालू नका. आणि ज्या गाडीतून इंजिन काढलं तिची धूर आवरणारी सगळी यंत्रणा सोबत आणा: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू निवळणारं नळकांडं), ऑक्सिजन सेन्सर, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सगळं. थोडं या गाडीचं, थोडं त्या गाडीचं अशी खिचडी चालत नाही. यात अन्याय कुठे आहे? सहा वर्षांनी नवं इंजिन जुन्या व्हॅनमध्ये गेलं तर हवेचं भलंच होतं, फक्त ते पूर्ण आलं पाहिजे.

हे सगळं कुठून आलं तेही मी वाचून काढलं होतं. आरी हागेन-स्मिट हा मूळचा डच रसायनशास्त्रज्ञ कॅलटेकमध्ये अननसाच्या स्वादावर काम करत होता. लॉस एंजेलिसच्या लोकांचे डोळे चुरचुरवणाऱ्या हवेकडे तो वळला आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने दाखवून दिलं की न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की स्मॉग तयार होतो. पुढे हवेच्या प्रदूषणाचे नियम ठरवणाऱ्या राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा तो पहिला अध्यक्ष झाला. टाकीतून उडणारी पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबाही तपासणीत का बघतात, हे मला त्याच्यामुळे कळलं. थोडक्यात, कागद घेऊन भांडायला मी तयार होऊन आले होते.

आणि तुम्ही भांडूच दिलं नाहीत.

कम्युनिटी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये तुमची जागा. दोन विद्यार्थी बाजूला उभे. मी फाईल पुढे केली. जिच्यातून इंजिन काढलं त्या लेगसीच्या बॉनेटखालच्या, धुराच्या यंत्रणेची माहिती देणाऱ्या लेबलाचा फोटो तिच्यात सगळ्यांत वर होता. आधीच्यांपैकी एकानेही तो उचलून पाहिला नव्हता. तुम्ही चष्मा लावलात आणि ते लेबल वरपासून खालपर्यंत वाचलंत, अगदी कोपऱ्यातला व्हॅक्युमच्या नळ्यांचा नकाशासुद्धा. मग नवऱ्याकडे वळलात. माझ्या पोटात गोळा आला, म्हटलं झालं, हेही त्यांतलेच. तुम्ही त्याला विचारलंत, "इंजिन कोणी बसवलं?" त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. तुम्ही खिशातला टॉर्च काढून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "मग तुम्हीच दाखवा."

बस, एवढंच. तुम्ही दिवसभरात असं कितीजणांना म्हणत असाल. पण कन्व्हर्टर कुठे, सेन्सर कुठे, स्पीड सेन्सरची वायर ईसीयूपर्यंत कशी नेली (ती नसेल तर चेक इंजिनचा दिवा हटून बसतो), कोळशाच्या डब्याची नळी कुठून फिरवली, हे मी एकेक दाखवत गेले आणि तुम्ही खरंच ऐकत होतात. एका ठिकाणी तुम्ही विद्यार्थ्यांना जवळ बोलावून म्हणालात, ही क्लिप बघा, नळी तापलेल्या पाइपापासून लांब राहावी म्हणून लावलीय. ती क्लिप मी रात्री उशिरा, कंटाळून, झोपायच्या आधी लावली होती. ती कोणाच्या नजरेत भरेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पुढचं सगळं मशीनने केलं. गाडीची चाकं रोलरवर ठेवून ताशी १५ मैल, मग २५ मैल, आकडे पडद्यावर आले. पास झालो त्याचा आनंद झालाच. पण नापास केलं असतंत तरी मी हे पत्र लिहिलं असतं. शब्द जरा कमी वापरले असते, एवढंच.

तुम्ही मला कसलीही सवलत दिली नाहीत, हे मुद्दाम लिहिते. आपल्याकडे भला माणूस म्हणजे नियम थोडा वाकवून देणारा, अशी एक समजूत आहे. तो रोखवाला तिसरा या हिशेबाने संतच ठरला असता. तुम्ही एक स्क्रू सोडला नाहीत, पेट्रोलच्या टाकीचं झाकणसुद्धा तपासलंत, आणि तरी त्या तासाभरात मला एकदाही असं वाटलं नाही की मी काही लपवून आणलंय. नियम काटेकोर आणि वागणूक माणसाची, हे दोन्ही एकत्र पाहायला मिळणं इतकं दुर्मीळ का असावं, मला कळत नाही. त्याला जास्तीचे पैसे लागत नाहीत, वेळही फार लागत नाही. समोरच्याचा कागद वाचायचा आणि काम ज्याने केलं त्याच्याशी बोलायचं. खिडकीपलीकडे बसणाऱ्या किती जणांना हे जमतं? मीही एका ऑफिसात खिडकीपलीकडेच बसते, तेव्हा हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतेय.

गाडीला तुम्ही लावलेलं लेबल घट्ट चिकटलंय. कुठलं इंजिन, सोबत काय-काय असायला हवं, सगळं त्यावर आहे. दोन वर्षांनी पुन्हा स्मॉगची पाळी आली की नेहमीच्या दुकानात जाता येईल. त्या शोध लावणाऱ्याकडेच जावं असा दुष्ट विचार मनात आहे.

एक विनंती मात्र आहे. माझ्या मैत्रिणीने तिच्या जुन्या पिकअपमध्ये इंजिन बदललंय. ती पुढच्या महिन्यात तुमच्याकडे येईल. फाईल मी तिच्याकडून नीट लावून घेतेय, लेबलाचा फोटो सगळ्यांत वर. तिच्याबरोबर तिचा भाऊ असेल, तो उंच आहे आणि फार बोलतो. त्याला खुर्ची द्या. टॉर्च तिला.

तुमची आभारी,
व्हॅनागनवाली