सहाही बर्फाचेच: मनूला पत्र

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, आइसची टीम मोडून टाकतेय. सलग सात मॅच हरले. आता स्टील घेते, सगळे तेच घेतात." तुझा आवाज इतका पडला होता की मला तेव्हा काही बोलवलं नाही. पण नंतर झोप लागेना. शेवटी उठले, वही उघडली आणि तू पाठवलेल्या सहाजणांची नावं एकाखाली एक लिहून काढली. पोकेमॉनच्या लढतींचा हा खेळ तूच मला शिकवलास. तुझ्या शेजारी बसून टाइपांचा, म्हणजे कोणत्या जातीचा मार कोणाला किती लागतो त्याचा, तक्ता पाठ केला, ती संध्याकाळ मला अजून आठवते. त्याच तक्त्यावरून हे लिहितेय. टीम मोडायची असेल तर मोड, पण आधी एवढं वाच.

स्टीलची ओढ मला कळते. स्टीलवर दहा टाइपांचा मारा अर्ध्यावर येतो आणि पॉयझनचा तर लागतच नाही. फायर, फायटिंग, ग्राउंड एवढं सांभाळलं की बाकी भिंत उभी. आइसचं तसं नाही. आइस फक्त आइसलाच रोखतो, आणि फायर, फायटिंग, रॉक, स्टील असे चार टाइप त्याला दुप्पट लागतात. १९९६च्या पहिल्या खेळात त्याची अवस्था बरी होती. स्टील टाइपच नव्हता आणि फायरवरही आइसचा पूर्ण मार बसायचा. १९९९मध्ये स्टील आला, फायरही आइसला रोखायला लागला, आणि तेव्हापासून आइसच्या खेळाडूला जास्तीचा विचार करावा लागतो. पहिल्या खेळातली एलीट फोर, म्हणजे शेवटच्या चार बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांमधली, लोरेलाय आठवते ना? आइसची म्हणून ओळखली जाणारी, पण तिच्या पाचजणांत स्लोब्रो होता, वॉटर आणि सायकिकचा. तुला मोनोटाइपमध्ये, म्हणजे एकाच टाइपच्या टीमच्या लढतींत, तेवढीही सवलत नाही. सहाहीजणांत आइस असायलाच हवा.

आता तुझी टीम. अलोलाची नाइनटेल्स, वीव्हिल, आर्टिकुनो, फ्रॉसमॉथ, हिसुईचा अवालग आणि मॅमोस्वाइन. प्रत्येकाच्या पुढे मी फक्त चौपट लागणारे टाइप लिहिले. आर्टिकुनोला रॉक चौपट, कारण आइसलाही रॉक लागतो आणि फ्लाइंगलाही. फ्रॉसमॉथला रॉक चौपट आणि फायरही चौपट. वीव्हिलला फायटिंग चौपट. अवालगला फायटिंगही आणि स्टीलही. नाइनटेल्सला स्टील, कारण तिचा दुसरा टाइप फेअरी. सहापैकी पाचजणांना कुठे ना कुठे चौपट लागतं, आणि ते चौपट नेमकं त्या चार टाइपांचंच, जे आधीच तुझ्या टीमवर टपलेले असतात. एकटा मॅमोस्वाइन सुटला. सात मॅच हरलीस यात तुझ्या खेळण्याचा दोष मला फार कमी दिसतो. समोरच्याला हवा तो मारा करायला प्रत्येक वेळी जागा मिळत होती.

मनू, एकाच टाइपची टीम बांधताना आपण पहिल्या टाइपकडे बघत बसतो. तो तर सहाहीजणांचा सारखाच असतो, त्यात निवडायला काही नसतं. निवड करायची ती दुसऱ्या टाइपची आणि अंगच्या खास गुणाची, म्हणजे अ‍ॅबिलिटीची. तू नावं निवडलीस ती आवडीने आणि माऱ्याच्या ताकदीने. मी सांगते तसं एकदा करून बघ. चार रकाने आख, फायर, फायटिंग, रॉक, स्टील, आणि प्रत्येक रकान्यात तो मार दुप्पट न लागता सोसणारी निदान दोन नावं येईपर्यंत थांबू नकोस. एक पुरत नाही, कारण तो एक पडला की पुढचे सगळे उघडे पडतात.

मी रकाने भरले तेव्हा आर्टिकुनो, फ्रॉसमॉथ आणि अवालग बाहेर गेले. आर्टिकुनोचं तुला वाईट वाटेल, मलाही वाटलं. त्यांच्या जागी क्लॉयस्टर, फ्रॉसलॅस आणि अलोलाचा सँडस्लॅश आले.

फायरच्या रकान्यात क्लॉयस्टर, कारण त्याच्यातलं वॉटर आइसची दुप्पट मारून टाकतं आणि मार साधा होतो. दुसरा मॅमोस्वाइन, पण त्याची अ‍ॅबिलिटी थिक फॅट असेल तरच. ती फायर आणि आइसचा मार अर्धा करते. तुझ्या मॅमोस्वाइनची अ‍ॅबिलिटी कोणती आहे ते आत्ताच उघडून बघ. फायटिंगच्या रकान्यात फ्रॉसलॅस. ती घोस्ट असल्यामुळे तिला फायटिंग लागतच नाही. तिच्या मागे नाइनटेल्स, फेअरीमुळे साध्या मारावर. रॉकला मॅमोस्वाइन आणि सँडस्लॅश, स्टीलला क्लॉयस्टर आणि सँडस्लॅश. चारही रकान्यांत दोन-दोन. सँडस्लॅशला फायर आणि फायटिंग चौपट लागतात हे मी विसरलेले नाही, पण त्या दोन्ही रकान्यांत त्याच्याऐवजी आत यायला दुसरे आहेत. तुझ्या आधीच्या टीमपेक्षा हा मोठा फरक आहे.

कागदावरचं "साधा मार" मात्र मैदानात जपून वापर. क्लॉयस्टरचा शारीरिक मारे सोसणारा डिफेन्स १८० आहे, पण स्पेशल मारे सोसणारा स्पेशल डिफेन्स फक्त ४५ आणि एचपी, म्हणजे जीव, ५०. फायरचे बरेचसे मारे स्पेशल असतात. म्हणजे फ्लेमथ्रोअरवर तो एकदा आत येईल, पुन्हा पुन्हा येणार नाही. फायर टीमसमोर हे आधीच गृहीत धरून चाल.

मॅमोस्वाइनबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुझ्या टीममध्ये त्याच्याइतका मोलाचा दुसरा कोणी नाही आणि तू त्याला सुरुवातीलाच पाठवून गमावतेस. त्याचा अर्थक्वेक बघ. ग्राउंडचा मार फायरला दुप्पट लागतो, रॉकला लागतो, स्टीलला लागतो. आइसला त्रास देणाऱ्या चारपैकी तिघांचं उत्तर त्याच्या एका चालीत आहे. समोर स्टीलची टीम दिसली की मनात धर, मॅमोस्वाइन शेवटी लागणार आहे. स्टीलवाले हे जाणून असतात, म्हणून ते कॉर्विनाइट किंवा स्कार्मोरी ठेवतात. दोघंही उडणारे, त्यांना अर्थक्वेक लागत नाही. आधी त्यांना झिजवायला हवं. त्यांच्यातल्या फ्लाइंगमुळे आइसचा मार त्यांच्यावर अर्धा न होता साधा बसतो, म्हणजे नाइनटेल्सचा ब्लिझर्ड तिथे कामाला येतो. ते दोघं गेल्यावर मॅमोस्वाइनला मोकळं रान मिळतं. मॅच सुरू होण्याआधी दोन्ही टीम समोर दिसतात, आणि मोनोटाइपमध्ये समोरच्याचेही सहा एकाच टाइपचे असतात, त्यामुळे असा विचार करायला तुला पहिल्या टर्नच्या आधीच वेळ मिळतो. त्या वेळात घाई करू नकोस.

आता बर्फ. नाइनटेल्सची अ‍ॅबिलिटी स्नो वॉर्निंग, ती आली की बर्फ पडायला लागतो. पूर्वी बर्फाऐवजी हेल (गारा) असायचं, आइस नसलेल्यांचा दर टर्नला सोळावा हिस्सा एचपी जायचा. २०२२च्या स्कार्लेट-व्हायोलेटपासून तो त्रास गेला आणि त्या जागी आइस टाइपचा डिफेन्स दीडपट व्हायला लागला. इतक्या वर्षांनी कोणीतरी आइसच्या बचावाकडे बघितलं याचा मला फार आनंद झाला होता. एरवी १०० पैकी ७० वेळाच लागणारा ब्लिझर्ड बर्फात चुकत नाही. बर्फ असेल तरच ऑरोरा व्हेल लावता येतो, आणि तो दोन्ही प्रकारचा मार अर्धा करतो. साध्या व्हेलचे पाच टर्न, लाइट क्ले ही वस्तू हातात धरली तर आठ.

यात क्लॉयस्टरचा हिशोब इतका सुंदर बसतो की तो कळला तेव्हा मी तुला रात्रीच फोन करणार होते. शेल स्मॅश केला की अ‍ॅटॅक, स्पेशल अ‍ॅटॅक आणि स्पीड दुप्पट होतात, पण दोन्ही डिफेन्स दोन तृतीयांशावर येतात. बर्फात त्याचा डिफेन्स दीडपट. दोन तृतीयांशाचं दीडपट म्हणजे बरोबर एक. म्हणजे बर्फ पडत असताना शेल स्मॅशने डिफेन्सचं काहीच नुकसान होत नाही, फक्त स्पेशल डिफेन्स उतरतो, आणि त्यावर व्हेल आहेच. आधी नाइनटेल्सने व्हेल लावायचा, मग क्लॉयस्टरला आत आणून एक टर्न मिळवायचा. स्किल लिंक या त्याच्या गुणामुळे आयसिकल स्पिअर पाचही वेळा लागतो, २५चे पाच म्हणजे १२५. एका फटक्यात पडू न देणाऱ्या फोकस सॅश किंवा स्टर्डीच्या भरवशावर उभा असलेला पहिल्या फटक्यात वाचतो आणि दुसऱ्यात जातो. पूर्ण एचपी असताना मार अर्धा करणारा ड्रॅगनाइटचा मल्टिस्केलही पहिल्या फटक्यापुरताच. ड्रॅगन, फ्लाइंग, ग्रास, ग्राउंड यांच्या टीम समोर आल्या तर नाइनटेल्स आणि क्लॉयस्टर या दोघांवरच मॅच निघू शकते.

आता ज्या गोष्टीने तुझ्या निम्म्या मॅच गेल्या असं मला वाटतं, ती: स्टेल्थ रॉक, म्हणजे मैदानात पेरलेले टोकदार दगड. साध्या पोकेमॉनचा आत येताना आठवा हिस्सा एचपी जातो. रॉक दुप्पट लागत असेल तर चौथा, चौपट लागत असेल तर अर्धा. तुझे आर्टिकुनो आणि फ्रॉसमॉथ मैदानात पाय ठेवताच अर्धे संपत होते. नव्या टीममध्ये मॅमोस्वाइन आणि सँडस्लॅशचा आठवा जाईल, बाकी चौघांचा चौथा. तरीही जास्तच आहे. फ्रॉसलॅसचा बेस स्पीड ११० आहे, तिला टॉन्ट शिकव आणि पहिली पाठव. टॉन्ट आधी लागला तर समोरच्याला तीन टर्न स्टेल्थ रॉक टाकता येणार नाही. तरी पडलेच तर सँडस्लॅश रॅपिड स्पिनने उडवेल, फक्त समोर घोस्ट नको, नाहीतर स्पिन फुकट जातो. वीव्हिलला हेवी-ड्यूटी बूट्स दे, त्यांनी ते दगड लागत नाहीत, म्हणजे तो हवा तेव्हा आत-बाहेर करू शकेल आणि नॉक ऑफने समोरच्यांच्या वस्तू काढत राहील.

नाइनटेल्सला बूट्स द्यायचे की लाइट क्ले, यावर माझं अजून ठरत नाही. हातात एकच वस्तू राहते. बूट्स दिले तर ती चार-पाच वेळा आत येऊन बर्फ पाडेल, पण व्हेल पाचच टर्न. क्ले दिली तर आठ टर्न, पण दर वेळी पाव एचपी जाणार. मला क्ले बरी वाटते, कारण क्लॉयस्टरला तयार व्हायला ते जास्तीचे टर्न लागतात. तू खेळतेस, तुझा अनुभव माझ्यापेक्षा ताजा आहे, दोन्ही करून बघ आणि कळव.

पण क्ले दिलीस तर तिचे ईव्ही, म्हणजे ताकद वाढवायला वाटायचे गुण, बदल. तू स्पेशल अ‍ॅटॅकला २५२, स्पीडला २५२ आणि उरलेले चार एचपीला दिले आहेस. सगळे तसंच करतात. शंभराव्या लेव्हलला, आयव्ही, म्हणजे जन्मजात गुण, पूर्ण असताना, तिचा एचपी २८७ असतो. ते चार दिले की २८८ होतो आणि त्याला चारने बरोबर भाग जातो. म्हणजे स्टेल्थ रॉकवर प्रत्येक वेळी ७२ जाणार आणि चौथ्यांदा आत येताच ती पडणार. २८७च ठेवलास तर प्रत्येक वेळी ७१ जातात, चौथ्यांदा ती तीन एचपीवर उभी राहते आणि तिच्यासोबत बर्फही येतो. मॅमोस्वाइनला शेवटची चाल त्या बर्फात करता आली तर मॅच बदलू शकते. चार ईव्ही स्पेशल डिफेन्सला टाक, बस.

इतकं करूनही फायर आणि स्टीलच्या टीम तुला जडच जाणार आहेत. ते मी लपवत नाही. त्या मॅच हरलीस तर टीम लगेच बदलू नकोस. निदान वीस मॅच याच सहाजणांबरोबर खेळ, आणि प्रत्येक हरलेल्या मॅचनंतर वहीत दोनच गोष्टी लिही: कोण पडला आणि कोणत्या चालीने पडला. वीस मॅचनंतर एखादं नाव वारंवार दिसलं तर त्यालाच बदलायचं. वीव्हिलच्या जागी बॅक्सकॅलिबर हा माझ्या मनातला पर्याय आहे. ड्रॅगनमुळे त्याला फायर साधा लागतो, वर फायर लागला की त्याच्या अ‍ॅबिलिटीने अ‍ॅटॅक वाढतो. तुमच्या नियमांत तो चालतो का ते मात्र आधी तपास.

तू लहान असताना पहिल्यांदा बर्फात उभी राहिलेली पांढरी नाइनटेल्स बघितलीस आणि म्हणालीस, "मी हिच्याचसोबत खेळणार." सगळे बलवान टाइप समोर असताना तू तिला धरून राहिलीस, याचं मला आजही कौतुक वाटतं. तुला स्टील खरंच आवडत असेल तर जरूर घे, मी शिकवीन. पण आइस सोडायचं कारण फक्त त्या सात मॅच असतील, तर त्या मॅच तुझ्या जुन्या टीमच्या होत्या.

रविवारी रात्री नऊला मी मोकळी आहे. मी स्टीलची टीम घेऊन येते, कॉर्विनाइट आणि सिझरसकट. तू नवे सहाजण घेऊन ये. मॅमोस्वाइनला मी काहीही करून बाहेर काढायचा प्रयत्न करणार आहे, आधीच सांगून ठेवते. त्याआधी थिक फॅटचं बघ, आणि नाइनटेल्सचे ते चार ईव्ही.

तुझी,
आई