पाव मैलाची जागा द्या: लंडनच्या महापौरांना खुले पत्र

प्रति,
सर सादिक खान,
महापौर, लंडन

स.न.वि.वि.

तुम्ही गॅरेट लेनवरचे. अर्ल्सफील्डच्या हेन्री प्रिन्स इस्टेटमध्ये आठ भावंडांत वाढलात, वडील बस चालवायचे, आई शिवणकाम करायची, आणि तुम्ही भाऊ-भाऊ तिथल्याच बॉक्सिंग क्लबात जायचात, हे सगळं तुम्हीच अनेकदा सांगितलेलं आहे. त्या इस्टेटपासून विम्बल्डन स्टेडियमचं फाटक चालत वीस-पंचवीस मिनिटांवर होतं. विम्बल्डन म्हटलं की जगाला टेनिस आठवतं. आपल्याकडचं विम्बल्डन वेगळं होतं: प्लाऊ लेनवरचं, ग्रेहाउंड कुत्र्यांच्या आणि भंगार मोटारींच्या शर्यतींचं. शर्यतीच्या दिवशी वारा योग्य दिशेनं असला तर तो आवाज टूटिंगपर्यंत यायचा. तुमच्याही कानावर तो पडला असणार. ते स्टेडियम 2017 मध्ये बंद झालं, आणि अशा शर्यतींसाठी लंडनमध्ये पुन्हा एक ट्रॅक मागायला हे पत्र आहे.

या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाला वेगळी पाठवली आहे. मराठीत लिहितेय ते माझ्या माणसांसाठी. लंडनमध्ये आमची मराठी मंडळी पुष्कळ, पण त्या स्टेडियमच्या पायऱ्यांवर मला एकही मराठी माणूस कधी भेटला नाही. काय होतं आणि काय गेलं, हे त्यांनाही कळावं.

मी कोल्हापूरची. 1998 मध्ये नर्स म्हणून इथे आले, टूटिंगमध्ये घर घेतलं. 2001 सालची गोष्ट. रात्रपाळी करून रविवारी सकाळी घरी आले, डोळा लागतोय न लागतोय तोच शेजारी घणाचे घाव सुरू झाले. ठण, ठण, ठण. अर्धा तास सहन केलं आणि तरातरा शेजाऱ्यांकडे गेले. निवृत्त प्लंबर होते ते. दारात एक जुनी फोर्ड ग्रॅनाडा उभी. काचा काढलेल्या, आतल्या सीटा उपसलेल्या, दारं वेल्डिंगनं बंद केलेली. पेट्रोलची मूळ टाकी काढून एक छोटी टाकी ते मागच्या सीटच्या जागी पट्ट्यांनी आवळत होते. भांडायला गेलेली मी तिथेच उभी राहिले. माझ्या वडिलांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं छोटं शेड होतं, ऑइल इंजिनचे भाग करायचे. पत्र्यावर घण कुठे मारायचा ते बोटांनी आधी चाचपून बघायची त्यांची सवय होती. हे गृहस्थ अगदी तसंच करत होते. माझा नऊ वर्षांचा मुलगा माझ्या मागून आलेला. त्यांनी माझ्याकडे न बघता त्याला म्हटलं, "तेरा नंबरचा पाना दे." त्यानं बरोबर तेराचा पाना उचलून दिला. त्या दिवसापासून ते आमचे काका झाले. मी त्यांना 'काका'च म्हणायची, आणि अर्थ कळल्यावर ते खूश झाले होते.

पंधरा दिवसांनी काकांनी आम्हाला स्टेडियमवर नेलं. पाव मैलाचा डांबरी ट्रॅक, अंडाकृती. बटाट्याच्या चिप्सवर ओतलेल्या व्हिनेगरचा, जळलेल्या क्लचचा आणि गरम तेलाचा एकत्र वास. उद्यमनगर सोडल्यावर तो वास मला पहिल्यांदा तिथे भेटला.

तिथे पळायच्या त्या गाड्यांतल्या हॉट रॉड म्हणजे आटोपशीर सलून गाड्या, इंजिन आणि सस्पेन्शनवर जीव तोडून काम केलेल्या. यात एकमेकांना ढकलायला मनाई, नुसती चलाखी. एकेकाळी फोर्ड अँग्लिया आणि एस्कॉर्ट इथल्या राण्या होत्या. बॅरी ली हा गडी याच खेळातून नावारूपाला आला, चार वेळा हॉट रॉडचा जगज्जेता झाला. स्टॉक कारमध्ये मात्र धक्का देणं हा खेळाचाच भाग, त्यासाठी पुढे-मागे भक्कम लोखंडी बंपर. आणि बँगर म्हणजे आमच्या काकांची ग्रॅनाडा: भंगारात निघालेली गाडी, तिची शेवटची धाव.

स्टॉक कारमधली एक गोष्ट मला अजून मोहवते. गाडीच्या टपाचा रंग चालकाच्या गुणांवर ठरतो. नवशिक्याचा पांढरा, मग पिवळा, मग निळा, मग लाल. जगज्जेत्याला सोनेरी. आणि सुरुवातीला सगळ्यात पुढे उभे राहतात पांढरे! लाल सगळ्यात मागे, सोनेरीही मागेच. जो जितका मोठा, त्याला तितक्या जास्त गाड्या ओलांडून पुढे यायचं. कुस्तीत आम्ही तोडीस तोड जोड लावतो. इथे उस्ताद आणि पोरगा एकाच फडात, पण पोराला आधी दहा पावलं पुढे सोडून. एखादा पांढरा टप शेवटच्या फेरीपर्यंत पुढे राहिला, मागून लाल टपाचा गडी येतोय, आणि अख्ख्या पायऱ्या उभ्या राहून त्या पोराच्या नावानं ओरडतायत! माझा मुलगा माझा हात इतका घट्ट धरायचा की रात्री ड्युटीवर बोटं दुखायची.

दोन शर्यतींच्या मधला वेळ तर त्याहून सुंदर. गाड्या मागच्या आवारात यायच्या आणि वीस मिनिटांत वाकलेला ॲक्सल सरळ करायचा असायचा. ज्यानं आत्ताच तुम्हाला कठड्यावर नेऊन आदळलं, तोच स्वतःची साखळी नि जॅक घेऊन मदतीला धावत यायचा. सुतार, बसचालक, भाजीवाला, छप्परं शाकारणारा. सगळ्यांचे हात काळे. पैसा कोणाकडेच नव्हता. वर्षभर वीकेंडला राबून जे काही मिळायचं, ते म्हणजे तो एक चषक आणि लाउडस्पीकरवर घेतलेलं नाव.

आमच्या कोल्हापुरात खासबाग मैदान आहे. शाहू महाराजांनी 1912 मध्ये उभं केलं, आजही तिथे कुस्त्या होतात. भोवती शहर वाढलं, जमिनीचे भाव आभाळाला भिडले, पण खासबागेच्या मातीवर फ्लॅट बांधू असं म्हणायची कोणाची छाती होणार नाही. लंडनला अशी एकही खासबाग राखता आली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ब्रिटनमधली पहिली स्टॉक कार शर्यत याच शहरात झाली: न्यू क्रॉस स्टेडियममध्ये, 16 एप्रिल 1954 रोजी, गुड फ्रायडेला. ते स्टेडियम पाडलं गेलं. हॅरिंगे 1987 मध्ये बंद पडलं, तिथे आता सुपरमार्केट आहे. वेस्ट हॅमचं 1972 मध्ये गेलं, त्यावर घरं झाली. पर्फ्लीटचं अरीना एसेक्स लंडनच्या वेशीबाहेरचं, तेही 2018 मध्ये थांबलं. प्लाऊ लेन हे लंडनमधलं शेवटचं होतं.

ते का गेलं, हे सांगताना मला एएफसी विम्बल्डनच्या फुटबॉलवेड्यांवर अन्याय करायचा नाही. त्यांचा जुना क्लब 1991 मध्ये प्लाऊ लेनवरचं आपलं मैदान सोडून गेला आणि 2002 मध्ये तो लंडनबाहेर मिल्टन कीन्सला हलवायची परवानगी दिली गेली, तेव्हा त्यांनी रडत बसण्याऐवजी स्वतःचा नवा क्लब काढला, अगदी तळापासून. नोव्हेंबर 2020 मध्ये ते प्लाऊ लेनला परतले, तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. घर गमावणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? पण त्यांचं घर आमच्या घराच्या जागेवर उभं राहिलं. डिसेंबर 2015 मध्ये मर्टन कौन्सिलनं, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेनं, फुटबॉल स्टेडियम आणि सहाशेवर घरांच्या योजनेला मंजुरी दिली. मार्च 2016 मध्ये तेव्हाचे महापौर बोरिस जॉन्सन यांनी तो अर्ज स्वतःकडे घेतला. तुम्ही निवडून आलात, आणि ऑगस्ट 2016 मध्ये निर्णय पुन्हा मर्टनकडे सोपवलात. नियमानं तुम्हाला तो अधिकार होता. माझं दुःख एवढंच की, या सगळ्यात शर्यतवाल्यांना दुसरी जागा कुठे, हा प्रश्न कोणी गांभीर्यानं घेतला नाही. फुटबॉलला जागा मिळाली, घरांना मिळाली, दुकानांना मिळाली. वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून उभ्या असलेल्या माणसांना कोणी विचारलं नाही.

शेवटची शर्यत 26 मार्च 2017 ला झाली. त्या रविवारी इथला मातृदिन होता. मुलगा तेव्हा पंचवीस वर्षांचा. म्हणाला, "आई, जेवायला हॉटेलात नको, स्टेडियमवर जाऊ." काका 2014 मध्येच गेले होते. पायऱ्यांवर जिथे ते उभे राहायचे तिथेच आम्ही उभे राहिलो. माझ्या शेजारी सत्तरीच्या एक बाई होत्या, शाळकरी असताना वडिलांचा हात धरून पहिल्यांदा आलेल्या. आम्ही एकमेकींना ओळखत नव्हतो. शेवटच्या शर्यतीचा झेंडा पडल्यावर आम्ही दोघी गळ्यात गळा घालून रडलो. दिवे मालवले तरी लोक हलेनात.

त्यानंतर चार महिनेही झाले नसतील. 12 जुलै 2017 ला ट्रफाल्गर चौकात आणि व्हाइटहॉलवर फॉर्म्युला वनच्या गाड्या फिरल्या. त्यासाठी रस्ते बंद ठेवले गेले. विजेवरच्या फॉर्म्युला ई शर्यतींना बॅटर्सी पार्क मिळालं, 2021 पासून एक्सेल प्रदर्शन केंद्र मिळालं. ते मी बघितलं आणि मला ते आवडलं. मोटारशर्यत या शहराला चालते, हे त्यातून सिद्धच झालं. मग लंडनमध्ये जागा फक्त अशा शर्यतींना का, ज्यातली गाडी आमच्यातला कोणीही कधी बांधू शकणार नाही? कोट्यवधींच्या गाडीला राजरस्ता आणि तीनशे पौंडांच्या ग्रॅनाडाला हद्दपारी, हा न्याय तुमच्या तोंडून मला ऐकायचा नाही. तुम्ही बसचालकाचे चिरंजीव आहात.

हवेचं काय, असं तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं. मी छातीच्या आजारांच्या वॉर्डात अनेक वर्षं काम केलं आहे. दम्यानं कासावीस झालेली लेकरं हातांत धरली आहेत. ऑगस्ट 2023 मध्ये तुम्ही यूलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचं रोजचं शुल्क, संपूर्ण लंडनला लागू केलं, तेव्हा माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांशी मी त्यावरून भांडले, तुमच्या बाजूनं. तो निर्णय बरोबर होता आणि आहे. पण वर्षातल्या काही संध्याकाळी, वस्तीपासून दूर, काही डझन गाड्या पाव मैलावर फिरणं आणि रोज सकाळी शाळेच्या दारात इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या हजारो गाड्या, या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत. आणि उद्या विजेच्या जुन्या मोटारी भंगारात येऊ लागतील, तेव्हा त्यांच्याशी खेळत खेळत शिकायला पोरांना कुठेतरी जागा लागेलच. माझा मुलगा आज बस डेपोत इलेक्ट्रिक बसची देखभाल करतो, सर. तुमच्याच लाल बसेस. हातात पाना धरायला तो शाळेत नाही शिकला, काकांच्या ग्रॅनाडाखाली शिकला.

म्हणून माझी मागणी ऐका. तुमच्या 2021 च्या लंडन प्लॅनमध्ये, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, 'एजंट ऑफ चेंज' नावाचं चांगलं तत्त्व आहे: आधीपासून आवाज करणाऱ्या ठिकाणाशेजारी कोणी नवी घरं बांधली, तर आवाजाचा बंदोबस्त नव्यानं येणाऱ्यानं करायचा, जुन्यानं नाही. त्यामुळे पब आणि संगीताची ठिकाणं तगायला मदत होते. पण जे उभं आहे त्यालाच हे तत्त्व वाचवू शकतं, आणि आमचं लंडनमध्ये उभं असं काही उरलेलंच नाही. नव्या लंडन प्लॅनचं काम आता चालू आहे. शहराच्या कडेला कारखान्यांसाठी राखून ठेवलेले पट्टे आहेत, रविवारी संध्याकाळी तिथे लॉऱ्याही नसतात आणि झोपणारी माणसंही नसतात. त्यातल्या एखाद्या पट्ट्यात पाव मैलाचा एक ट्रॅक बसतो का, हे तुमच्या नियोजन विभागाला शोधायला सांगा. मोठं स्टेडियम नको आहे. डांबर, कठडा, दिवे आणि उभं राहायला पायऱ्या. सोबत दोन-चार वेल्डिंगची टेबलं ठेवलीत तर आसपासच्या कॉलेजातली पोरं आठवडाभर तिथे काम शिकतील.

हे होईपर्यंत एक छोटं काम लगेच करता येईल. प्लाऊ लेनच्या नव्या इमारतींच्या भिंतीवर एक पाटी लावून घ्या: इथे अर्धशतकाहून जास्त काळ लंडनच्या कष्टकऱ्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेल्या गाड्या पळवल्या. तिथे राहायला आलेल्या मुलांना आपल्या अंगणाखाली काय होतं, ते कळू दे.

काकांच्या ग्रॅनाडाचं एक दार आमच्या मागच्या शेडमध्ये आहे. त्यावरचा नंबर माझ्या मुलानं नऊ वर्षांचा असताना रंगवला, तीनचा आकडा उलटा पडला म्हणून रडला होता, आणि काका म्हणाले होते की आता तो तसाच राहणार. तुम्ही पाटी लावणार असाल तर ते दार मी स्वतः तुमच्या कार्यालयात आणून देईन. फक्त आधी कळवा. गाडी मुलाची घ्यावी लागेल, माझ्या गाडीत ते मावत नाही.

आपली,
टूटिंगची एक रहिवासी, मूळची कोल्हापूरची