ड्युटी नेहमी सिस्टरचीच का बदलते?

संपादक महोदय,

रुग्णालयातल्या सुरक्षेचा विषय निघाला की सीसीटीव्ही वाढवा, गेटवर गार्ड बसवा, एवढंच ऐकू येतं. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिची हत्या झाली, त्यानंतरही तेच झालं. गार्ड हवेतच. पण सिस्टरला ज्याचा त्रास होतो, तो बहुतेक वेळा गार्डचा सलाम घेऊनच आत येतो. मुंबईच्या केईएममध्ये १९७३ साली परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला करणारा त्याच रुग्णालयातला सफाई कामगार होता.

नागपुरात ३१ वर्षं नर्सिंग केलं. मी इन्चार्ज असतानाची गोष्ट. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. नुकतीच जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली, गडचिरोलीकडची एक मुलगी माझ्या वॉर्डात होती. राउंडला येणारे एक मोठे डॉक्टर फाइल घेताना तिचा हात धरून ठेवायचे, नाइटला काम नसताना केबिनमध्ये बोलवायचे. ती रडत माझ्याकडे आली. मी काय केलं? तिची नाइट काढली, तिला ओपीडीत टाकलं. वर 'सांभाळून राहत जा बाई' असंही सुनावलं. मला वाटलं, पोरीला वाचवलं. तिचं वॉर्डातलं शिकणं थांबलं आणि 'हिला का काढलं?' ही कुजबुज तिच्याच मागे लागली. तिच्या जागी आलेली मुलगी महिनाभरात तीच तक्रार घेऊन माझ्यासमोर उभी. डॉक्टरांचा राउंड मात्र एक दिवसही चुकला नाही.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात याबद्दल स्पष्ट लिहिलं आहे, हे मला निवृत्तीनंतर कळलं. चौकशी चालू असताना बदली करायची ती तक्रारदार बाईच्या लेखी विनंतीवरून. आणि ती तिची किंवा त्याची, कुणाचीही होऊ शकते. तिला तीन महिन्यांपर्यंत रजाही मिळू शकते, तीही हक्काच्या रजेला हात न लावता. तक्रार मात्र घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची. फार तर तक्रारीची चौकशी करणारी समिती आणखी तीन महिने वाढवून देते. बाँडमध्ये अडकलेल्या, मूळ सर्टिफिकेटं मॅनेजमेंटच्या कपाटात असलेल्या मुलीला एवढ्यात धीर होतो का?

आणि स्पंजिंग करताना, म्हणजे ओल्या कपड्याने अंग पुसून देताना, मुद्दाम अंगाला हात लावणारा पेशंट, पिऊन आलेला नातेवाईक? 'पेशंट आहे, सोडून दे' हे वाक्य मीही शंभरदा बोलले असेन. बाहेरून येणाऱ्यांपासूनही कर्मचारी बाईला सुरक्षित ठेवणं ही कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. तिला पोलिसांत जायचं असेल तर मदत करणं हीसुद्धा.

परवा शेजारणीला भेटायला धंतोलीतल्या एका रुग्णालयात गेले. भिंतीवर चपला, मोबाइल, भेटीची वेळ, कॅशलेस कंपन्यांची यादी, सगळं होतं. दहा किंवा अधिक कर्मचारी असले की अशा तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमून तिचा आदेश दर्शनी जागी लावावा लागतो. तो काही दिसला नाही. काउंटरवरच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "काकू, ते एचआरवाल्या सरांकडे असते."

आपल्या वार्ताहरांनी धंतोली, रामदासपेठेत एकदा या भिंती पाहून याव्यात. छोट्या नर्सिंग होमसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तिच्याकडे आजवर किती सिस्टर गेल्या, तेही विचारावं.

– एक निवृत्त परिसेविका, नागपूर