टेंट हाऊसवाल्या काकांना, ८ फुटी कापडाचं थँक्यू

काका, नमस्कार. नाव कुठे टाकू नकोस म्हणालात म्हणून नुसतं काका लिहितोय, ज्यांना ओळखायचंय ते ओळखतीलच.

थँक्यू कशाचं ते सांगतो. मागच्या शनिवारी इंदूरहून खंडवा रोडने चोरलच्या पुढे एका ओळखीच्या शेतात, मालकाला विचारून हॅमॉक (दोन झाडांमध्ये बांधून झोपायची कापडी झोळी) टांगला, रात्रभर झमाझम पाऊस आणि मी वर छत म्हणून ताणलेल्या त्या ८ बाय ८ फुटी कापडाखाली कोरडाठाक, पायमोजेसुद्धा कोरडे. इथे सगळे सांगून राहिले होते की भिया हे रुमालाएवढं कापड पावसाळ्यात चालत नाही, १२ फुटी घे. १२ फुटी घेतली की पाठीवरचं ओझं वाढतं, पैसे जातात ते वेगळेच. तुम्ही एकटेच असे निघालात की कापडाकडे बघितलंच नाही, आधी दोऱ्या हातात घेतल्यात आणि म्हणालात, पाणी कापडातून नाही येत, दोरीवरून चालत येतं. गणपतीचे मांडव भर पावसात उभे करण्यात तुमचं आयुष्य गेलंय, त्यामुळे मी गप्प ऐकलं.

पहिलं म्हणजे तो कर्णाचा हिशोब. सरळ लावलं तर मधली धार, म्हणजे छताचा वरचा कणा, ८ फुटांची, आणि १० फुटी हॅमॉक झोळ ठेवून टांगला की त्याच्या दोन टोकांत साधारण सव्वाआठ फूट अंतर राहतं, म्हणजे डोकं आणि पाय दोन्ही पावसात. तेच कापड तिरकं, पतंगासारखं कोपऱ्यावर धरलं की धार सव्वाअकरा फुटांची होते आणि दोन्हीकडे दीड-दीड फूट जास्तीचं मिळतं. शाळेत पायथागोरस घोकला होता, कामी तुमच्या गच्चीवर आला. अर्थात फुकट काही मिळत नाही, कापड टोकांकडे निमुळतं होत जातं आणि डोक्यापाशी बाजूला झाकायला फार काही उरत नाही, म्हणून तुमचा दुसरा नियम, खाली बांध. मी डोक्यावर छान मोकळी जागा ठेवायचा विचार करत होतो, तुम्ही धार हॅमॉकच्या वर जेमतेम वीतभर ठेवलीत, वारा बाजूने येईल अशी झाडं निवडायला लावलीत, वाऱ्याकडचा कोपरा जवळजवळ गवताला टेकवला आणि दुसरीकडचा उंच, आत-बाहेर करायला. बघायला अगदी गरीब दिसतं, फोटोत तर फारच, पण पाऊस तिरका आला तरी आत शिरायला जागा नाही.

आता नाडी! हे तर मी सगळ्यांना सांगत सुटलोय. पावसाचं पाणी खोडावरून ओघळतं, हॅमॉकच्या पट्ट्यावर येतं, पट्टा झाडाकडून हॅमॉककडे उतरता असतो त्यामुळे ते पाणी सरळ कापडात, आणि रात्री दोन वाजता पाठीखाली गार लागलं की माणूस वर बघतो, छत फाटलं की काय. तुम्ही पायजम्याच्या सुती नाडीचा तुकडा घेतलात, पट्ट्याला करकचून गाठ मारलीत, टोकं वीतभर खाली लोंबत सोडलीत. आणि ती कुठे बांधायची, तर छताच्या आत, हॅमॉक सुरू व्हायच्या आधी, कारण बाहेर बांधली तर तिच्यापुढचा पट्टा परत भिजणारच. शनिवारी टॉर्च मारून बघत बसलो होतो, पट्ट्यावर पाण्याची बारीक रेघ येते, गाठीपाशी अडते, नाडीत शिरते आणि टोकावरून टप टप खाली, गाठीच्या पुढे पट्टा कोरडा, बोट फिरवून बघितलं काका. सुतीच हवी हे पण खरं, सुताला पाणी ओढायची सवय असते, गुळगुळीत नायलॉनवरून ते घसरून पुढे जातं. छताची दोरी पण तुम्ही अख्खी एक ठेवू दिली नाहीत, दोन टोकांना दोन वेगळ्या बांधल्यात, म्हणजे कापडाखालून आरपार जाणारी दोरीच नाही, मग पाणी कशाला धरून आत येणार.

सिलिकॉनवालं नायलॉन भिजलं की सैल पडतं, हे कंपनीवाले बारीक अक्षरात लिहितात (पॉलिएस्टरचं तेवढं पडत नाही, पण माझ्याकडे आहे ते आहे). संध्याकाळी तबल्यासारखं ताणलेलं कापड मध्यरात्री लोंबायला लागतं, पोटाला पाणी साचतं, आतून हाताला लागतं. त्यावर तुम्ही बाजूच्या दोऱ्यांमध्ये जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्या गाठवल्यात, बांधतानाच ओढून ठेवायच्या, कापड सैल पडलं की रबर आपोआप ओढून घेतं. धारेला मात्र रबर नाही, तिथे सरकती गाठ, झोपायच्या आधी एकदा ओढायची. ती गाठ प्रुसिक नावाच्या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाच्या नावाने ओळखतात म्हटलं तर तुम्ही म्हणालात, असेल, आम्ही मांडवात विचारून नाही मारत.

आणि आपली काळी माती. कोरडी असताना खुंटी ठोकायला घाम फुटतो, आणि दोन तास पाऊस पडला की तीच खुंटी लोण्यातून निघाल्यासारखी हातात येते. तुमचं खुंटी आडवी पुरणं, म्हणजे हातभर लाकूड दोरीच्या आडवं खड्ड्यात टाकून वर दगड रचणं, हे बाहेरच्या व्हिडिओंमध्ये बर्फात आणि वाळूत करताना दाखवतात, चिखलात करताना मी पहिल्यांदा बघितलं. शनिवारी एका कोपऱ्याला जागा नव्हती, तिथे खुंटीऐवजी दोरी सरळ धोंड्याला गुंडाळली, तीही टिकली.

एक गोष्ट मात्र तुम्ही सांगितली नव्हती, ती मी सांगतो. सागाखाली टांगू नये. पाऊस थांबला तरी ती सुपाएवढी पानं तासभर पाणी सोडत राहतात, मोठाले थेंब, धप्प धप्प, झोप नाही लागत. शेजारी मोहाचं झाड होतं, पण त्याची एक फांदी वाळलेली होती, तिच्याखाली झोपायची आपली हिंमत नाही.

पैसे तुम्ही घेतले नाहीत, वर ‘माणसाने जमिनीवर झोपावं, हे काय वटवाघूळ’ हे पण ऐकवलंत, ते काकूंसमोर ऐकवायला नको होतं एवढीच तक्रार. आता जानापावला जायचंय, चंबळ निघते तिथे, वर टेकडीवर वारा दर अर्ध्या तासाने दिशा बदलतो, मग वाऱ्याकडचा कोपरा कुठला धरायचा ते समजत नाहीये. रविवारी सकाळी येतो, भुट्ट्याचा कीस आईकडून घेऊन येईन, जिरावण मसाला तुमच्याकडचा. दोऱ्या पण आणतो, गच्चीवर लावून दाखवा.