पद संपल्यावरही उत्तर देत राहिलेल्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला खासगीतही पाठवता आले असते, आणि तुमचा स्वभाव पाहता तुम्हाला तेच अधिक आवडले असते. परंतु ज्या कामाबद्दल आभार मानायचे आहेत ते आमच्या प्रभागातील कितीतरी घरांसाठी झालेले आहे, त्यामुळे त्याची नोंद चारचौघांत व्हावी, असे आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातील सर्वांचे मत पडले आणि चिटणीस या नात्याने लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. यंदाची महापालिका निवडणूक तुम्ही लढवली नाही आणि आज तुमच्याकडे कोणतेही पद नाही. म्हणूनच या आभारांमागे काही पदरात पाडून घेण्याचा हेतू आहे, असे कोणाला वाटण्याचे कारण उरलेले नाही.

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. फेब्रुवारी २०१७ च्या निवडणुकीत पुणे महापालिकेवर १६२ सदस्य निवडून आले, त्यांत तुम्ही होता. त्या सभागृहाची मुदत १४ मार्च २०२२ रोजी संपली आणि दुसऱ्या दिवसापासून कारभार प्रशासक म्हणून आयुक्तांकडे गेला. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात असल्याने पुढची निवडणूक लांबत गेली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचे आदेश दिले आणि अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. जवळजवळ चार वर्षे मुख्य सभा नव्हती, स्थायी समिती नव्हती आणि गल्लीतला दिवा बंद पडला तर ज्याच्या दारात जायचे तो लोकप्रतिनिधीही कायद्याच्या दृष्टीने नव्हता. या चार वर्षांत तुम्ही जे केले त्याबद्दल हे पत्र आहे. त्याआधीच्या पाच वर्षांतले काम ही तुमची जबाबदारी होती आणि ती तुम्ही नीट पार पाडली, एवढे सांगून मी पुढे जाते.

नगरसेविका असताना तुम्ही प्रभागातील सोसायट्यांचे, चाळींचे आणि वस्तीचे वेगवेगळे व्हॉट्सॲप गट केले होते. मुदत संपल्यावर ते हळूहळू बंद पडतील असे आम्हाला वाटले होते, पण तसे झाले नाही. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, दहावी-बारावीचा निकाल, कोणाच्या घरी नातवंड आले, कोणी नवी रिक्षा घेतली, अशा प्रत्येक प्रसंगी तुमच्या शुभेच्छा येत राहिल्या. हल्ली शुभेच्छांच्या चित्रांनी सर्वांचेच फोन भरलेले असतात आणि पुष्कळ चित्रांवर शुभेच्छा देणाऱ्याचा चेहरा ज्याचा सण किंवा वाढदिवस आहे त्याच्या नावापेक्षा मोठा असतो. तुमच्या संदेशात तुमचे छायाचित्र नसे. दोन ओळी असत, त्या व्यक्तीचे नाव असे आणि तिच्याविषयी तुम्हाला ठाऊक असलेली एखादी गोष्ट असे. ईद, बुद्धपौर्णिमा, पर्युषण, नाताळ आणि गणेशोत्सव यांना तुमचे शब्द सारख्याच आपुलकीचे असत, आणि आमच्यासारख्या मिश्र वस्तीत ही गोष्ट लोकांच्या बरोबर लक्षात राहते.

या शुभेच्छांचा खरा उपयोग मात्र मला बऱ्याच काळाने उमगला. ज्यांनी तुमच्या संपर्क कार्यालयाची पायरी कधीच चढली नसती, अशी माणसे तुमच्या शुभेच्छांना उत्तर देत असत. "धन्यवाद ताई" लिहून झाले की थोड्या वेळाने आणखी एक ओळ येई. मागच्या गल्लीतील एका आजोबांनी वाढदिवसाच्या शुभेच्छांबद्दल आभार मानून पुढे लिहिले होते की, आता पहिल्या मजल्यावरसुद्धा पाणी चढत नाही. तक्रार म्हणून ते हे कधीच बोलले नसते, कारण कोणाकडे काही मागायचे नाही या शिस्तीत त्यांचे आयुष्य गेले आहे. तुम्ही त्यांना दुपारी विचारले की पाणी किती वाजता येते, कधीपासून कमी झाले, खालच्या टाकीत दाब आहे का. दुसऱ्या दिवशी पाणीपुरवठा विभागाचे कर्मचारी गल्लीत आले होते. एका मुलीचे बारावीच्या निकालाबद्दल अभिनंदन केल्यावर तिच्या आईने विचारले की, नॉन क्रिमीलेअर दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का. प्रवेश सुरू होण्याआधी तो प्रश्न विचारला गेला म्हणून त्या मुलीचे वर्ष वाचले. शुभेच्छा देणे हे तुमच्यासाठी बोलणे सुरू करण्याचे निमित्त होते, आणि समोरचा माणूस बोलू लागला की तुम्ही थांबून ऐकत होता.

आता मी माझ्या घरातील गोष्ट लिहिते. ती लिहायची की नाही याचा मी बराच विचार केला, पण ती वगळली तर हे पत्र खरे होणार नाही.

माझे यजमान एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्या दिवसांत अंत्यविधीला वीसच माणसांना परवानगी होती आणि आमच्याकडे तेवढीही जमू शकली नाहीत. लोकांनी फोनवर श्रद्धांजली पाठवली. त्यांचा दोष नव्हता, दुसरा मार्गच नव्हता. पण एकच मजकूर आणि एकच फुलाचे चित्र पुन्हा पुन्हा पाहताना मन सुन्न होत होते. तुमचा संदेश वेगळा होता. सोसायटीसमोरच्या बागेतील दिवे संध्याकाळी लागले की नाही हे रोज पाहून तुम्हाला कळवणारे गृहस्थ गेले, आता ते काम तुमच्या कार्यालयातील माणूस करील, असे तुम्ही लिहिले होते. गेलेल्या माणसाची कोणीतरी नेमकी आठवण ठेवली आहे हे कळणे त्या दिवसांत किती मोलाचे होते, ते मला शब्दांत नीट सांगता येत नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस करोनाने मृत्यू झालेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपयांचे सानुग्रह अनुदान देण्यासाठी राज्य शासनाने ऑनलाइन अर्ज मागवले. मला ते ठाऊक नव्हते आणि त्या मनःस्थितीत मी ते शोधलेही नसते. तुम्ही स्वतःहून संदेश पाठवला, सोबत कागदपत्रांची यादी दिली. आमच्याकडच्या मृत्यू प्रमाणपत्रावर करोनाचा उल्लेख नव्हता. चाचणीपासून तीस दिवसांच्या आत मृत्यू झाला असेल तर आरटीपीसीआर अहवालाच्या आधारे दावा करता येतो आणि तो फेटाळला गेला तर तक्रार निवारण समितीकडे जाता येते, हे तुम्ही मला समजावून सांगितले. माझा दावा मंजूर होईपर्यंत तुमची मुदत संपून गेली होती. तरीही "पैसे खात्यात जमा झाले का?" असा तुमचा प्रश्न पदावर असतानाही आला आणि पद गेल्यावरही त्याच काळजीने आला. पैशांचा उपयोग झालाच. पण एकट्या पडलेल्या बाईची चौकशी तिसऱ्या दिवसानंतर, तेराव्यानंतर, वर्षश्राद्धानंतरही कोणीतरी करते, या गोष्टीचे ऋण त्याहून मोठे आहे.

पद नसताना काम कसे करावे याचीही तुमची एक रीत होती. पूर्वी आधार कार्डावरील पत्ता बदलण्यासाठी तुमच्या सहीचे प्रमाणपत्र चालत असे. मुदत संपल्यावर लोक सवयीने तुमच्याकडेच येत राहिले. तेव्हा आता माझी सही चालणार नाही, हे तुम्ही प्रत्येकाला स्पष्ट सांगितले आणि आमदारांच्या कार्यालयातून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते कसे घ्यायचे ते दाखवून दिले. अधिकार नसलेल्या माणसाने अधिकार असल्याचा आव आणणे सोपे असते. तुम्ही तो मोह टाळला, म्हणून लोकांचा वेळ वाया गेला नाही.

त्याऐवजी तुम्ही आम्हाला शिकवले. पीएमसी केअर या महापालिकेच्या ऑनलाइन तक्रार सेवेवर तक्रार नोंदवावी, तक्रार क्रमांक जपून ठेवावा, काम न करताच तक्रार बंद केली तर ती पुन्हा उघडायला सांगावी, आणि क्षेत्रीय कार्यालयात जाताना त्या क्रमांकाचा कागद हातात असावा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिलेली असते, हे आमच्या संघात तुमच्यामुळेच माहीत झाले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने काउंटरपाशी उभे राहून "या दाखल्याची मुदत किती दिवसांची आहे?" असे शांतपणे विचारावे, यात आम्हाला जो आत्मविश्वास मिळाला तो तुमचा आहे.

जून २०२४ च्या अखेरीस मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर झाली त्यानंतरचे दिवस आठवतात. दरमहा १५०० रुपयांसाठी बायका कामावरचा खाडा करून उत्पन्नाच्या दाखल्याच्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याची गरज नाही, हा बदल होताच तुम्ही तो त्याच दिवशी सर्व गटांत सोप्या भाषेत लिहिलात. वस्तीतील धुणीभांडी करणाऱ्या कितीतरी जणींचा रोज त्या एका संदेशामुळे बुडाला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गुलेन बारी सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण आढळू लागले आणि शहरभर भीती पसरली, तेव्हाही तुम्ही असेच केले. पाणी उकळून प्या, हातापायांत अचानक अशक्तपणा किंवा मुंग्या जाणवल्या तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा, एवढेच तुम्ही लिहिले. गटात आलेली प्रत्येक अफवा ज्याने पाठवली त्याला न दुखावता खोडून काढलीत. लोकांना घाबरवून त्यांचे लक्ष वेधणे त्या दिवसांत फार सोपे होते, म्हणून तुमच्या संयमाचे मला विशेष वाटते.

तुम्ही दिलेल्या नकारांबद्दलही आभार मानायचे आहेत. आमच्या सोसायटीतील काही सभासदांना मोकळ्या सोडायच्या जागेत पत्र्याची शेड टाकायची होती आणि तुम्ही अधिकाऱ्यांना फोन करावा असा त्यांचा आग्रह होता. ते नियमात बसत नाही, मी फोन करणार नाही, असे तुम्ही गटातच लिहिले. काहीजण रागावले, काहींनी तुमच्याशी बोलणे सोडले. त्यांच्याही वाढदिवसाला तुमच्या शुभेच्छा चुकल्या नाहीत. फ्लेक्सबाबतही तुम्ही अशाच ठाम राहिलात. बेकायदा फलकांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने वारंवार आदेश दिलेले असताना माझ्या नावाचा एकही फलक चौकात लागणार नाही, असे तुम्ही कार्यकर्त्यांना बजावले आणि आमचा चौक तुमच्या वाढदिवसाला कायम मोकळा राहिला.

या सगळ्याची किंमत तुमच्या घराने मोजली आहे, हे आम्हाला कळते. रात्री उशिरा आलेल्या उत्तरांवरून आम्ही ओळखत होतो की नोकरी, स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास उरकून तुम्ही आमचे निरोप वाचायला बसला आहात. मानधन नव्हते, निधी नव्हता, कार्यालयाचे भाडे मात्र चालू होते. तुमच्या यजमानांना आणि मुलांना आमचा नमस्कार सांगावा. तुमच्या वाट्याचा जो वेळ त्यांनी आम्हाला दिला, त्याबद्दल त्यांचे आभार मानण्याची संधी आम्हाला एरवी मिळत नाही.

१६ जानेवारीला निकाल लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आमच्या प्रभागातून निवडून आलेल्या सर्वांचे पक्ष न पाहता नाव घेऊन अभिनंदन केलेत आणि त्यांच्या कार्यालयांचे क्रमांक सर्व गटांत दिलेत. प्रलंबित तक्रारींची क्रमांकांसह केलेली यादी तुम्ही त्यांच्या हाती सोपवल्याचे आम्हाला नंतर त्यांच्याकडूनच समजले. नव्या नगरसेवकांपैकी एकाने त्या यादीतील ड्रेनेजच्या कामापासून सुरुवातही केली आहे.

एक गोष्ट कळवायची राहिली. सत्तर वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न लावता उपचारांसाठी पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देणारे आयुष्मान वय वंदना कार्ड संघातील बऱ्याच सभासदांनी अजून काढलेले नाही. त्यासाठी पुढील महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संघाच्या सभागृहात सकाळी दहा वाजता शिबिर ठेवले आहे. नोंदणी कशी करायची ते आमच्यातल्या चौघांनी शिकून घेतले आहे, त्यामुळे तुम्हाला कोणत्याही कामासाठी बोलावत नाही. कोणाचा सत्कार नाही, भाषण नाही. आमच्याबरोबर बसून चहा घ्यावा, एवढ्यासाठी सहकुटुंब या.

आपली नम्र,
चिटणीस, ज्येष्ठ नागरिक संघ
(सर्व सभासदांच्या वतीने)