क्लास लावू नकोस

लीड्स, रविवार संध्याकाळ

प्रिय मंदा,

तू ओईटी, ती नर्सांना द्यावी लागणारी इंग्रजीची परीक्षा, पास झालीस हे हॉस्पिटलच्या जिन्यात वाचलं आणि तिथंच डोळे भरून आले. मार्चमध्ये तू इथं असशील!

आता तुझा प्रश्न. निघण्याआधी ब्रिटिश ॲक्सेंटचा क्लास लावू का, म्हणतेस. नको लावूस. त्या पैशांत चांगला जाड कोट घे.

असा एकच ॲक्सेंट इथं नाहीच गं. क्लासवाले शिकवतात तो जुन्या बीबीसीच्या बातम्यांतला, डॅनियल जोन्स यांनी 1917 च्या उच्चारकोशात नोंदवलेला. तो इथं फार थोड्यांच्या तोंडी आहे. जवळच्याच हॅलिफॅक्सचे विल्फ्रेड पिकल्स दुसऱ्या महायुद्धात यॉर्कशरच्या हेलात रेडिओवर बातम्या द्यायला लागले, तर तेव्हा केवढी खळबळ झाली होती! आमच्या वॉर्डात बसला 'बुस' म्हणतात, कपाला 'कुप', आणि आजीबाई मला 'लुव' म्हणून हाक मारतात. लंडनकडं 'बाथ', इथं 'बॅथ'. तू कुणाची नक्कल करणार?

पण एक गोष्ट शिकावीच लागते, आणि ती मला कुणी आधी सांगितली नव्हती. दुसऱ्या आठवड्यात एका आजींना मी विचारलं, दुखतंय का, 'एनी पेन?' त्या पर्समध्ये पेन शोधायला लागल्या. आपण लिहायचं पेन आणि दुखणं दोन्ही देवनागरीत एकच लिहितो, आणि तसंच बोलतो. दुखणं म्हणताना 'पे'नंतर 'इ'कडं घसरायचं असतं, पेइन. त्या आजी वेदनेत होत्या, मंदा. मला अजून ते आठवलं की वाईट वाटतं.

मग हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती सांगताना, 'फिफ्टीन' तीनदा सांगावं लागलं, सगळ्यांसमोर. घरी येऊन रडले. पण विचारणारीचं बरोबर होतं, पंधरा आणि पन्नास मिलिग्रॅममध्ये पेशंटचा जीव असतो. आपण दोन्ही शब्दांत सगळीकडं सारखाच जोर देतो. इथले कान जोरावर चालतात: पन्नासात 'फिफ' ठसठशीत, पंधरात 'टीन' लांब. शिवाय आकडा सुटा करून सांगायचा, 'वन फाइव्ह'. ही सवय आत्तापासून लाव.

दुसरं, 'प'. शब्दाच्या सुरुवातीचा आपला कोरडा 'प' यांना 'ब' ऐकू येतो, म्हणजे पिलचं बिल होतं. उपाय आपल्याकडंच आहे, ओठ मिटून म्हटलेला फळातला 'फ'. तोंडासमोर निरांजन धरून 'पिल' म्हण, ज्योत हलली पाहिजे. 'स्पून'मध्ये मात्र हलू द्यायची नाही, 'स'नंतरचा 'प' कोरडाच. 'ट' आणि 'क'चंही असंच. फक्त 'ट'ला जीभ टाळूकडं वळवायची नाही, वरच्या दातांमागच्या हिरडीला लावायची.

'व' तर आपल्या लिपीत एकच आहे, इंग्रजीत दोन. व्हेनला, म्हणजे शिरेला, वरचे दात खालच्या ओठावर. वॉर्डला ओठांचा चंबू, जणू 'ऊ' म्हणायला निघालो. आणि वॉर्डमधला 'र' म्हणायचाच नाही, वॉऽड. पुढं स्वर आला तरच 'र' परत येतो, 'डॉक्टर इज' म्हणताना येतो तसा.

बाकी चालून जातं. 'थ' त्यांच्यासारखा नाही आला तरी कुणी अडत नाही. मी इथं पाच वर्षं आहे आणि सांगलीची आहे हे माझ्या बोलण्यावरून कुणालाही कळेल, ते मी घासून काढलेलं नाही.

आता हे कर. रोज रात्री दहा मिनिटं पिल-बिल, व्हेट-वेट, फिफ्टीन-फिफ्टी मोठ्यानं म्हण आणि रेकॉर्ड करून पाठव. रात्रपाळीच्या चहाच्या सुट्टीत ऐकेन आणि तिथल्या तिथं चुका सांगेन. पहिलं रेकॉर्डिंग उद्याच हवं.

येताना काकूंच्या हातचा कांदा-लसूण मसाला आण. माझा डबा दिवाळीलाच संपला.

तुझी,
सुषमा